काचेवरच्या ठिपक्यांची बाजू

घरातल्या समुद्री टाकीची तब्येत मासे पाहून कळत नाही, आणि प्रवाळांचे रंग पाहूनही पुरती कळत नाही. मासे विकत आणता येतात, रंग महागड्या दिव्यांखाली खुलवता येतात, पाणी दर आठवड्याला बदलून चकचकीत ठेवता येतं. पैसा आणि यंत्रं यांच्या जोरावर कुठलीही टाकी वर्षभर तरी देखणी दिसू शकते. पण तिथे मिलिमीटरभर लांबीचे काही कवचधारी जीव असतात. त्यांना बहुतेकदा कोणी विकत आणलेलं नसतं, त्यांना कोणी मुद्दाम खायला घालत नाही, पाहुण्यांचं तर त्यांच्याकडे लक्षही जात नाही. ते त्या टाकीत पिढ्यामागून पिढ्या वाढतात की नाही, हे पैशाने ठरत नाही. माझं म्हणणं असं की टाकीची परीक्षा त्यांच्यावरून करावी. आणि ज्या टाकीत ते टिकत नाहीत, तिथे त्यांच्यावर जगणारा मासा ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

कवचधारी म्हटलं की आपल्याला कोळंबी, खेकडा, शेवंड आठवते. त्याच गोतावळ्यातला सर्वांत लहान आणि ओळखीचा जीव म्हणजे जवळा. मी ज्यांच्याविषयी बोलतो आहे, त्यांतला कोपेपॉड जेमतेम जवळ्याच्या डोळ्याएवढा असतो. अर्ध्या मिलिमीटरपासून दोन मिलिमीटरपर्यंत त्याची लांबी. आजवर वर्णन झालेल्या कोपेपॉडच्या जाती सुमारे १३,००० आहेत, आणि समुद्रातल्या प्राणी-प्लवकांत संख्येने तेच सर्वाधिक भरतात. रीफ टँक ठेवणारे लोक या सगळ्या बारक्या मंडळींना सरसकट ‘पॉड्स’ म्हणतात. त्यात कोपेपॉडबरोबर ॲम्फिपॉड, आयसोपॉड, मायसिड आणि ऑस्ट्राकॉड हेही येतात.

त्यांना पाहायचं तर टाकीचे दिवे मालवून तासभर जाऊ द्यावा आणि लाल उजेडाची बॅटरी व साधं भिंग घेऊन काचेजवळ बसावं. लाल उजेड त्यांना फारसा जाणवत नाही, त्यामुळे ते पळापळ करत नाहीत. आधी काचेवर नुसते पांढुरके ठिपके दिसतात. भिंग पुढे-मागे करत नजर स्थिरावली की त्यातला एक ठिपका सरकतो, थांबतो, पुन्हा झटक्याने सरकतो. पुढे रुंद आणि मागे निमुळतं होत गेलेलं शरीर, टोकाला दुभंगलेली शेपटी, डोक्याच्या मधोमध तांबूस रंगाचा एकच डोळा: हा कोपेपॉड. मादी असेल तर शेपटीच्या बुडाशी अंड्यांची पिशवी दिसते. काही जातींत एक, काहींत दोन्ही बाजूंना मिळून दोन. वाळू काचेला टेकते तिथे ॲम्फिपॉड दिसतो. तो दोन्ही कुशींकडून दाबल्यासारखा चपटा असतो, पाठीत वाकलेला, आणि बरेचदा एका अंगावर कलंडूनच सरपटतो. ऑस्ट्राकॉड आपली दोन झाकणं मिटून घेऊन दगडावरून घरंगळतो. एखाद्या कोपऱ्यात, प्रवाह मंद असतो तिथे, मायसिडचा छोटा थवा पाण्यात जागच्या जागी तरंगत असतो. शरीर इतकं पारदर्शक की काळे डोळे तेवढे उठून दिसतात.

मराठी घरात हे दृश्य पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या तोंडून हमखास एकच वाक्य निघतं: पाण्यात किडे झाले. ही प्रतिक्रिया अज्ञानातून येते असं मी म्हणणार नाही. तिच्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. महाराष्ट्रातल्या अनेक गावांनी नारू पाहिला आहे. विहिरीच्या, बारवेच्या पाण्यातला सायक्लॉप्स, म्हणजे गोड्या पाण्यातला कोपेपॉडच, नारूच्या अळ्या पोटात घेऊन माणसाच्या शरीरात जायचा. पुढे वर्षभराने हातभर लांबीचा जंत पायाची कातडी फोडून बाहेर यायचा. पाणी दुहेरी फडक्यातून गाळणं, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं, हातपंप बसवणं, अशा साध्या उपायांनी तो रोग हटला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६मध्ये नोंदला गेला आणि २०००मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. पिण्याच्या पाण्यात हालणारा ठिपका दिसला की ते पाणी टाकून द्यायचं, ही शिकवण त्या काळात लाखो लोकांना वाचवून गेली. पण पिण्याचं पाणी आणि राहण्याचं पाणी यांचे कायदे वेगळे आहेत. ज्या पाण्यात जीवांनी जन्मायचं, खायचं, वाढायचं आणि मरायचं आहे, ते पाणी आपल्या माठातल्या पाण्यासारखं निर्जंतुक असावं ही अपेक्षाच चुकीची. तिथे ठिपके नसणं ही काळजीची गोष्ट आहे.

ती का, हे समजण्यासाठी हे जीव करतात काय ते पाहावं लागेल. टाकीत रोज खाद्य पडतं. त्यातलं काही मासे खातात, उरलेलं दगडांच्या कपारीत आणि वाळूत जाऊन बसतं. माशांची विष्ठा, प्रवाळांनी सोडलेला चिकट स्राव, काचेवर आणि दगडावर चढणारा शेवाळाचा पातळ थर, मेलेले जिवाणू हे सगळं तिथेच साचतं. ॲम्फिपॉड तो गाळ उकरून, चावून बारीक करतात, त्यामुळे जिवाणूंना त्यावर काम करायला जागा मिळते. हार्पॅक्टिकॉइड गटातले कोपेपॉड दगडावरचा शेवाळाचा आणि जिवाणूंचा थर खरवडून खातात. मग हेच जीव माशांच्या आणि प्रवाळांच्या तोंडी जातात. दिव्याचा उजेड शेवाळात, शेवाळ कोपेपॉडमध्ये आणि कोपेपॉड माशामध्ये अशी साखळी त्या दोन-तीनशे लिटर पाण्यात चालू राहते. ही साखळी चालू नसेल तर उरलेलं अन्न नायट्रेट आणि फॉस्फेट होऊन साचतं आणि ते उपसण्याचं काम माणसाला आणि यंत्राला करावं लागतं.

या जीवांचं अन्न म्हणून मोल आणखी वेगळं आहे. मत्स्यपालनात वर्षानुवर्षं आर्टेमियाची पिल्लं खाद्य म्हणून वापरली जातात, कारण त्यांची अंडी सुकवून डब्यात ठेवता येतात. पण समुद्री माशांच्या पिल्लांना मेंदूच्या आणि डोळ्यांच्या वाढीसाठी जी लांब साखळीची स्निग्धाम्लं लागतात, विशेषतः डीएचए, ती आर्टेमियात जवळजवळ नसतात. वरून पाजावी लागतात. कोपेपॉडमध्ये ती मुळातच भरपूर असतात. हार्पॅक्टिकॉइड गटातल्या काही जाती तर साध्या स्निग्धाम्लांपासून ती स्वतः तयार करू शकतात. म्हणजे ज्या बारक्या जिवाला आपण किडा म्हणून पुसून टाकतो, तो हलक्या अन्नाचं कसदार अन्न करणारा दुवा आहे.

टाकीत नेमके कोणते पॉड्स टिकतात, यातही एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. मोकळ्या समुद्रात राहणारे कॅलॅनॉइड कोपेपॉड घरच्या टाकीत सहसा तग धरत नाहीत. सुटकेची उडी घेताना त्यांतले काही सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या शेकडो पट वेग गाठतात, पण पंपाच्या पंख्यापुढे आणि गाळणीच्या कापडापुढे तो वेग कामाचा नसतो. टिकतात ते दगडाला धरून राहणारे. टिस्बीसारख्या हार्पॅक्टिकॉइडची पिल्लंसुद्धा पृष्ठभागावरच सरपटतात, प्रवाहात वाहून जात नाहीत. अंड्यातून निघाल्यावर सहा नॉप्लियस अवस्था, मग पाच कोपेपोडाइट अवस्था आणि मग प्रौढ, एवढा प्रवास ते ऊबदार पाण्यात दीड-दोन आठवड्यांत आटोपतात. ॲम्फिपॉड, आयसोपॉड आणि मायसिड यांच्या माद्या अंडी पोटाखालच्या पिशवीतच उबवतात, आणि तिच्यातून बाहेर पडतं ते आईचं छोटं रूप. याउलट टाकीतली देखणी क्लीनर कोळंबी नेमाने अंडी घालते, पण तिच्या तरंगत्या अळ्यांपैकी सहसा एकही वाचत नाही. एका रात्रीत त्या माशांच्या पोटात किंवा गाळणीत जातात. म्हणजे आपण बांधलेल्या समुद्राचा साचा कुठल्या जीवनक्रमाला जागा देतो आणि कुठल्या जीवनक्रमाला मारतो, हे पॉड्सच्या यादीवरून वाचता येतं. कुठलंही पाणी तपासायचं किट ही माहिती देत नाही.

आता मुद्द्याचा मासा घेतो. मँडरीन हा पश्चिम पॅसिफिकमधला, जपानच्या र्‍यूक्यू बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंत आढळणारा सहा-सात सेंटिमीटरचा मासा. आल्बर्ट हेरे या मत्स्यशास्त्रज्ञाने १९२७मध्ये फिलिपिन्समधून त्याचं वर्णन केलं आणि जातीचं नाव ठेवलं ‘स्प्लेंडिडस’. निळ्यावर नारिंगी वळणं असलेलं त्याचं अंग पाहिलं की ते नाव पटतं. प्राण्यांतला निळा रंग बहुतेक वेळा प्रकाशाच्या खेळातून दिसतो. मँडरीनच्या कातडीत मात्र खरंखुरं निळं रंगद्रव्य असलेल्या पेशी आहेत. दुकानात तो दिसला की नवा छंदिष्ट भुलतोच. आणि नेमका हाच मासा हजारोंनी उपाशी मरतो.

त्याला दहा मिनिटं खाताना पाहिलं की कारण कळतं. तो पोटाखालच्या परांवर टेकत, छोट्या छोट्या उड्या मारत दगडावरून फिरतो. थांबतो, मान कलती करतो, दगडाकडे एकटक पाहतो, पुढे आलेलं छोटं तोंड एकदा टोचतो आणि पुढे जातो. काही सेकंदांनी पुन्हा तेच. त्याने प्रत्येक वेळी एक कोपेपॉड किंवा एक छोटा ॲम्फिपॉड टिपलेला असतो. हे दिवसभर चालतं. एका वेळी पोटभर खाऊन स्वस्थ बसणं त्याच्या देहाला ठाऊकच नाही. वर तरंगणाऱ्या खाद्याच्या गोळ्यांकडे तो बघतही नाही. नव्या, स्वच्छ, दोन महिने वयाच्या टाकीत त्याला सोडलं की तो आहेत तेवढे पॉड्स काही दिवसांत संपवतो. मग टोचणं चालू राहतं, पण तोंडात काही येत नाही. हळूहळू डोक्यामागचा भाग खोल जातो, पोट आत ओढलं जातं, पाठीचा कणा वरून दिसू लागतो. रंग मात्र शेवटपर्यंत फिका पडत नाही, म्हणून मालकाला तो ठणठणीत वाटतो. पाण्याचं तापमान २५ अंश, क्षारता हजारी ३५, अमोनिया शून्य. तक्त्यावरचे सगळे आकडे बिनचूक, आणि त्या बिनचूक पाण्यात मासा उपासमारीने मरतो.

याला मी दुर्दैव म्हणत नाही. ही जबाबदारीची चूक आहे, आणि ती मासा विकत घेतला त्या क्षणी झालेली असते. आपण प्राणी पाळतो तेव्हा त्याच्या अन्नाची जबाबदारी घेतो, हे कुणीही मान्य करेल. गाय घेणारा वैरणीचा विचार आधी करतो. मँडरीनची वैरण जिवंत असते आणि बाजारातल्या डब्यात मिळत नाही. ती टाकीतच पिकावी लागते. म्हणजे मँडरीनच्या मालकाला पॉड्सचाही पालक व्हावं लागतं, पॉड्ससाठी शेवाळाचा, शेवाळासाठी उजेडाचा आणि या सगळ्यांसाठी वेळेचा. ही पायरी गाळून वरच्या जिवावर मालकी सांगता येत नाही.

मत्स्यालयाच्या इतिहासाकडे पाहिलं तर ही पायरी गाळण्याची किंमत कुणी मोजली ते दिसतं. १८५३मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आलं. गॉस निसर्गावर जीव लावणारा माणूस होता. पण त्याच्या पुस्तकांनी इंग्लंडात समुद्रफुलं आणि शंख-शिंपले घरी आणून ठेवण्याची लाट उठली. डेव्हनच्या किनाऱ्यावरची खडकांतली तळी लोकांनी खरवडून नेली. फिलिप गॉस यांचा मुलगा एडमंड गॉस याने १९०७च्या ‘फादर अँड सन’मध्ये लिहून ठेवलं आहे की वडिलांनी ज्या तळ्यांचं सौंदर्य वर्णन केलं, ती त्याच वर्णनामुळे उद्ध्वस्त झाली. घरी नेलेले जीव फार काळ जगत नव्हते, म्हणून लोक पुन्हा पुन्हा किनाऱ्यावर जात होते.

पुढची शंभर वर्षं उपाय शोधला गेला तो स्वच्छतेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत समुद्री टाकी म्हणजे धुऊन पांढरी केलेली प्रवाळांची हाडं, तळाशी खडी आणि सतत गाळलं जाणारं पाणी. हाडांवर शेवाळ चढलं की ती बाहेर काढून पुन्हा ब्लीचमध्ये बुडवायची. १९६१मध्ये जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली: समुद्रातला जिवंत खडक, त्यावरच्या सगळ्या बारक्या जिवांसकट, आणि हवेचे बुडबुडे. एवढ्यावर त्यांच्या टाकीत प्रवाळ जगत होते. पाश्चात्त्य छंदिष्टांना हे पचायला दोन दशकं लागली. नंतर जर्मनीतल्या छंदिष्टांनी जिवंत खडकाला स्किमरची, म्हणजे पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणाऱ्या यंत्राची, जोड दिली. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर ॲडी यांनी प्रवाळखडकाची छोटी परिसंस्था उभी केली आणि मुख्य टाकीला जोडलेल्या एका शिकारीमुक्त कप्प्यात शेवाळ आणि पॉड्स वाढू देण्याची कल्पना १९९१च्या ‘डायनॅमिक ॲक्वेरिया’ या ग्रंथातून रुळली. आज त्याला रिफ्युजियम म्हणतात. प्रवाळ घरात जगू लागले ते आपण गाळण्या वाढवल्या म्हणून नव्हे; बारक्या जिवांना हुसकावणं थांबवलं म्हणून.

यावर जे आक्षेप घेतले जातात ते हलके नाहीत, म्हणून एकेक घेतो.

पहिला आक्षेप कीड-रोगाचा. बारके जीव येऊ दिले तर त्यांच्याबरोबर वाईटही येतात, तेव्हा कोरड्या निर्जीव दगडापासूनच सुरुवात करावी आणि बाहेरून काही येऊ देऊ नये, असा विचार अलीकडे वाढतो आहे. धोका खरा आहे. ॲक्रोपोरा प्रवाळावर राहणारा टेगास्टिस हा पिवळसर, लाल ठिपक्याचा कोपेपॉड प्रवाळाला हळूहळू निस्तेज करतो. सिरोलॅनिड गटातले आयसोपॉड रात्री माशांना चावतात. पण आयसोपॉड दिसला की मारायचा, हा निष्कर्ष यातून निघत नाही. त्याच वर्गातले म्युनिड आयसोपॉड दगडावरचं शेवाळ खातात आणि कुणाच्या वाटेला जात नाहीत. मोठे, एकमेकांजवळ आलेले डोळे आणि माशासारखं झपाट्याने पोहणं हे सिरोलॅनिडचं लक्षण. भिंगाखाली पाच मिनिटं घालवली तर फरक कळतो. औषधाला मात्र तो कळत नाही. टेगास्टिसवर कुत्र्यांच्या जंतांची मिल्बेमायसिनची गोळी वापरतात, आणि ती टाकीतल्या उपयोगी पॉड्सनाही सरसकट मारते. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांबं चालतं, पण कवचधारी जिवांना ते विषच आहे. म्हणून रोगी मासा वेगळ्या टाकीत न्यावा, नवं प्रवाळ आधी वेगळं ठेवून तपासावं. विलगीकरण हा विवेक झाला. मुख्य टाकीत विष ओतणं हा आळस झाला, कारण त्यात ओळखण्याचे कष्ट वाचवलेले असतात.

दुसरा आक्षेप सोयीचा. आता बाटलीत जिवंत कोपेपॉड मिळतात. लागले की आणून ओतावेत, एवढा खटाटोप कशाला? बी म्हणून बाटली आणायला माझी काहीच हरकत नाही. कोरड्या दगडाने सुरू केलेल्या टाकीला ती लागतेच. कॅलिफोर्नियाच्या खडकांतल्या उन्हाने तापणाऱ्या डबक्यांत राहणारा लालसर टिग्रिओपस किंवा टिस्बी आणून सोडावा. प्रश्न त्यानंतर काय होतं हा आहे. त्या बाटलीतून टाकीत वस्ती झाली तर ते बी रुजलं. दर महिन्याला नवी बाटली ओतावी लागत असेल तर टाकी नापीक आहे आणि आपण तिला शिधा पुरवतो आहोत. ज्या दिवशी बाटली येणार नाही, त्या दिवशी मासा उपाशी राहील.

गोळ्या खाणाऱ्या मँडरीनचं उदाहरणही यावर देतात. टाकीतच जन्मलेले मँडरीन २०१०च्या सुमारास अमेरिकेत विक्रीला आले आणि त्यांतले बरेच लहानपणापासून तयार खाद्य खायला शिकलेले असतात. ही आनंदाची गोष्ट आहे आणि शक्य असेल तिथे असाच मासा घ्यावा. पण ती पिल्लं जन्मल्यावर पहिल्या दिवसांत काय खाऊन जगली, ते विसरून चालणार नाही. समुद्री माशांच्या अनेक जातींच्या पिल्लांचं तोंड इतकं बारीक असतं की त्यात कोपेपॉडचं नॉप्लियसच मावतं. पिवळा टँग हा हवाईचा मासा वर्षानुवर्षं समुद्रातूनच पकडला जात होता. त्याची पिल्लं बंदिस्त जागेत वाढवणं हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटला २०१५मध्ये साधलं, ते पार्व्होकॅलॅनस या कोपेपॉडच्या नॉप्लियसवर. पुढच्या वर्षी फ्लोरिडात निळ्या टँगची पिल्लंही वाढली. समुद्रातून मासे ओरबाडणं, त्यासाठी पाण्यात सायनाइड फवारणं हे थांबवण्याचा रस्ता कोपेपॉडच्या हौदातूनच जातो.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड आहे: घरात समुद्र हवाच कशाला? समुद्र समुद्रात राहू द्यावा. या आक्षेपाचं वजन मी पूर्ण मानतो. भारतात सगळे दगडी प्रवाळ २००१पासून १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किंवा दुसऱ्या कुठल्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलणं हा गुन्हा आहे, आणि तो तसा असावा. फिजीने २०१७च्या अखेरीस जिवंत खडकाची निर्यात बंद केली, तेही योग्यच. ज्यांना समुद्रातून तोडून आणलेल्या वस्तूंची आरास करायची आहे, त्यांच्या बाजूने बोलायला माझ्याकडे शब्द नाहीत.

पण पॉड्सवर उभी असलेली टाकी समुद्रातून फारच थोडं मागते. चुनखडीचा कोरडा दगड, आरओचं पाणी, मोजून मिसळलेलं मीठ, कीटोमॉर्फा शेवाळाचा मूठभर गुंता, वाढवलेल्या पॉड्सची एक बाटली आणि हिरवं पाणी करायला नॅनोक्लोरॉप्सिसचं विरजण एवढ्यावर ती सुरू होते. मासे टाकीतच जन्मलेले घ्यावेत. क्लाऊनफिश तर आपल्याकडेच वाढवले जातात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने शोभिवंत समुद्री माशांच्या प्रजननावर अनेक वर्षं काम केलं आहे आणि नवी मुंबईत ऐरोलीलाही असं बीजोत्पादन सुरू झालं आहे. अशा टाकीसमोर बसणारं मूल जे शिकतं, ते केवळ रंगीत मासे पाहून शिकता येत नाही. अरबी समुद्रातली मासळी कशावर उभी आहे, हे त्याला चार फुटांच्या काचेत दिसतं. १९६०च्या दशकात आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहीम झाली, तेव्हा गोळा केलेले प्लवकांचे नमुने कोचीच्या केंद्रात निवडले गेले, आणि त्याच मोहिमेच्या पाठोपाठ १९६६मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, जिचं मुख्यालय आज गोव्यात दोना पावलाला आहे. तेव्हापासून आपले शास्त्रज्ञ हे ठिपके मोजत आहेत, कारण तारली-बांगड्याचं अन्न तिथून सुरू होतं. किनाऱ्यावर राहणाऱ्या समाजाला या साखळीची ओळख ताटातल्या माशापासून खाली उतरतच नाही. घरातली टाकी ती ओळख खालून वर करून देऊ शकते, आणि घरात समुद्र ठेवण्याचं मला पटणारं कारण एवढंच आहे.

हे मान्य केलं तर टाकी बांधण्याचा क्रम बदलावा लागतो. आज क्रम असा असतो: दिवे, दगड, पाणी, टाकी सायकल झाली, म्हणजे तिच्यात जिवाणू स्थिरावले, की मासे, मग प्रवाळ, आणि अडचण आली की पॉड्स. तो उलटा हवा. पाणी स्थिरावल्यावर आधी शेवाळ आणि पॉड्स सोडावेत आणि मग मासा न आणता थांबावं. मुख्य टाकीखालच्या जोडटाकीत, म्हणजे सम्पमध्ये, एक कप्पा रिफ्युजियमसाठी राखावा, तिथला दिवा मुख्य टाकीच्या दिव्याच्या उलट वेळी, रात्री लावावा. अतिसूक्ष्म गाळणीचं कापड आणि अतिनील दिवा गरज नसताना चालवू नये. दगडांची रचना करताना माशांना शिरता येणार नाही अशा फटी आणि बारीक खड्यांचा ढीग सोडावा, म्हणजे शिकार होत असतानाही वस्ती तगते. महिन्या-दोन महिन्यांनी कीटोमॉर्फाचा गुंता पांढऱ्या वाडग्यात झटकून पाहावा. वाडग्यात वळवळ दिसली, लहान-मोठ्या सर्व वयांचे ॲम्फिपॉड दिसले, अंड्यांच्या पिशव्या घेतलेल्या कोपेपॉडच्या माद्या दिसल्या, तर टाकी मासा मागायला पात्र झाली. वाडगा रिकामा असेल तर आणखी थांबायचं. मँडरीनसाठी हे थांबणं सहा महिने ते वर्ष असू शकतं. ज्याच्याकडे तेवढा धीर नाही त्याने मँडरीन घेऊ नये, आणि ज्या दुकानदाराला टाकीचं वय माहीत नाही त्याने तो विकू नये.

ही अपेक्षा घरापुरती ठेवून भागणार नाही. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने १९५१पासून महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना समुद्र दाखवला. तिथे आपण सगळ्यांनी शार्क, कासव, रंगीत मासे पाहिले. ते सगळे ज्यावर जगतात तो कोपेपॉड मात्र आपल्या शाळांच्या सहलींना पाहायला मिळाला नाही. राज्यात यापुढे जे मत्स्यालय उभं राहील, त्यात पहिलं दालन सूक्ष्मदर्शकाचं असावं: एका पडद्यावर जिवंत कोपेपॉड, त्याच्या अंड्यांपासून प्रौढापर्यंतच्या अवस्था, आणि शेजारी त्याला खाणारा मासा. मुलांनी आधी ते पाहावं आणि मग मोठ्या काचांकडे जावं. ज्याला साखळीचा तळ माहीत आहे, तो दुकानात मासा विकत घेताना आणि पुढे मतदार म्हणून किनाऱ्याविषयी निर्णय घेताना आधी विचारेल की याखाली काय जगतं आहे. हा प्रश्न विचारण्याची सवय लागणं, हीच घरातल्या समुद्राची कमाई आहे. ती सवय लागत नसेल, तर ती टाकी कितीही सुंदर असली तरी समुद्राला महाग पडलेली आहे.